गैरहजर यांची हरकत

त्या दुपारी मी फक्त काळी चिकटपट्टी आणायला खाली उतरले होते. इलेक्ट्रिशियन वापरतात ना, ती. जुन्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावरची पट्टी सुटत आली होती आणि तीन वाजता बैठक होती. दुकानदार म्हणाला, काळी संपली, पिवळी आहे. मी म्हणाले, "हरकत नाही."

हे मी सगळ्यांनाच म्हणते. बसमध्ये पायावर पाय पडला तरी, पगार आठवडाभर उशिरा आला तरी. माझा स्वभावच तसा, आणि त्यात मी पहिल्यापासून दचकी. दाराची बेल वाजली तरी हातातलं सांडतं. त्यामुळे माझ्या घाबरण्याला घरात कधी कोणी भाव दिला नाही, आणि मीही देत नाही. म्हणून जे घडलं ते आधी मी मनावर घेतलं नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकते.

माझं काम टिपणं घेण्याचं होतं. आठवड्यातून दोनदा, दुपारी तीन ते पाच, अकरा देशांतली सोळा माणसं पडद्यावर जमायची आणि मोठमोठ्या गोष्टींवर बोलायची. राज्य कशासाठी असतं, सीमा कोणाच्या, न्याय म्हणजे बरोबरी की भरपाई. कॉलेजात असताना असल्या चर्चांसाठी मी जेवण विसरायचे. आता जग कसं असावं हे दोन तास ऐकलं की नुसते खांदे दुखायचे, आणि मग उठून भांडी घासायची असायची.

प्रत्येकजण आपापल्या भाषेत बोलायचा. एक यंत्र ते तिथल्या तिथे भाषांतरून ज्याच्या त्याच्या भाषेत पडद्याखाली उमटवायचं. मला मराठीत दिसायचं. मराठी म्हणजे कसलं, अध्यक्षबाईंना ते यंत्र 'खुर्ची' म्हणायचं. "खुर्चीला वाईट वाटते." "खुर्ची उद्या प्रवासात आहे." त्या निवृत्त न्यायाधीश, नाकावर माशी बसू न देणाऱ्या, पण माझ्यासाठी त्या कायमच्या खुर्चीबाई झाल्या. त्यांच्याखेरीज लक्षात राहणारे दोघे. एक प्राध्यापक, जे "थोडक्यात" म्हणून सुरुवात करायचे आणि वीस मिनिटांनी पाणी प्यायचे. दुसरा जहाजवाला, मालवाहू बोटीवरचा इंजिनियर. त्याच्या मागे सतत काहीतरी घरघरत असायचं आणि त्याचा चेहरा मधेच गोठायचा.

गैरहजर यांची खिडकी ही त्या जहाजवाल्याचीच कल्पना.

"आपण ठराव करतो," तो म्हणाला होता, "जे जन्मले नाहीत त्यांच्याबद्दल, जे मेले त्यांच्याबद्दल, ज्यांच्याकडे वीज नाही त्यांच्याबद्दल. त्यांना कोण विचारतं? निदान पडद्यावर एक रिकामी खिडकी ठेवा. प्रत्येक ठरावाआधी तिला विचारा."

प्राध्यापकांना ही कल्पना इतकी आवडली की ते थोडक्यात बोलले. खुर्चीबाईंनी लगेच नियम केला: ठराव वाचून झाला की 'गैरहजर यांची हरकत?' असं विचारायचं आणि वीस आकडे थांबायचं. आवाज आला नाही की हरकत नाही असं धरायचं. मंडळाचा मूळ नियम असा होता की एकदा हरकत नोंदली गेली की ज्याने घेतली त्याने मागे घेईपर्यंत ती उभी राहते. तोच या खिडकीलाही लागू.

ती खिडकी उघडायची कोणी, असा प्रश्न आला. सोळा चेहरे माझ्याकडे बघायला लागले.

"हरकत नाही," मी म्हणाले.

घरात एक जुना लॅपटॉप होता. त्याची बॅटरी कधीच मेलेली, प्लग काढला की पडदा त्याच क्षणी काळा. रिकामा प्लग पॉइंट होता फक्त बाबांच्या खोलीत, आईच्या पलंगाच्या उशाशी. तिथे स्टुलावर तो ठेवायचा, 'गैरहजर' या नावाने बैठकीत शिरायचं, माईक बंद, आवाज बंद, कॅमेऱ्यावर पट्टी. मग माझ्या खोलीत येऊन टिपणं. प्रत्येक बैठकीच्या शेवटी मी एक वाक्य लिहायचे: गैरहजर यांची हरकत नाही. नंतर नंतर तर वीस आकडे व्हायच्या आतच लिहून ठेवायचे.

आईबद्दल सांगायला हवं. ती आठ महिन्यांपूर्वी गेली. अतिदक्षता विभागाच्या बाहेर डॉक्टर माझ्याशी फार हळू, फार चांगल्या शब्दांत बोलले. आता यंत्रच श्वास घेतंय, म्हणाले. ते काढण्याबद्दल बोलले. बाबा बाकावर बसून होते, त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, "तुमची हरकत नाही ना?"

आणि मी तेच म्हणाले. बसमध्ये म्हणते तसंच, त्याच आवाजात. मग कागदावरही तेच लिहून सही केली.

तेव्हापासून बाबा अर्धे झाले. आयुष्यभर नगररचना कार्यालयात नकाशे काढणारा माणूस, बोलायला लागले की थांबायचे नाहीत. आता सकाळी दोन वाक्यं, संध्याकाळी एक. पानात अर्धं टाकायचे. आमची इमारत दुरुस्तीला काढलेली. जमिनीपासून गच्चीपर्यंत बांबू बांधून, वर हिरवी जाळी टाकून ठेकेदार गायब झाला होता. मजल्यावरचे बाकीचे तिघे तात्पुरते दुसरीकडे राहायला गेले. बाबा हलायला तयार नव्हते. भर दुपारी घरात पाण्याखाली असावा तसा हिरवा अंधार, ओल्या सिमेंटचा वास, आणि वारा आला की बांबूंची कुरकुर. घरून करता येईल असं काम मी घेतलं ते बाबांना एकटं सोडवत नव्हतं म्हणून. मला दुसरं कोणी नाही. बाबाही गेले तर… हे वाक्य मी कधी पुरं करत नाही.

बैठक चालू असताना बाबा त्या जुन्या लॅपटॉपसमोर जाऊन बसायला लागले होते.

"काय करता बाबा इथे?"

"ऐकतोय."

"आवाज बंद आहे त्याचा."

"असू दे."

मला बरंच वाटलं होतं. म्हटलं, कशात तरी मन लागतंय.

तर पिवळी पट्टी लावली तो दिवस. खिडकी उघडल्यापासूनची नववी बैठक. ठराव होता भविष्यातल्या लोकांच्या वाट्याच्या पाण्याबद्दल. तीन वाजल्यापासून प्राध्यापकांचं आणि जहाजवाल्याचं भांडण चाललेलं. शेवटी खुर्चीबाईंनी ठराव वाचला आणि विचारलं, "गैरहजर यांची हरकत?"

सोळा माणसं गप्प. मी 'हरकत नाही' आधीच लिहून चहाचा कप उचललेला. बाहेर एक बांबू हळूच वाजला. गैरहजर यांच्या काळ्या चौकोनाभोवती हिरवी कड उमटली. कोणी बोलायला लागलं की उमटते तशी. आवाज काहीच नाही. खाली अक्षरं आली.

माझी हरकत आहे गं.

चहा गुडघ्यावर सांडला. मी ओरडले असणार, कारण माझ्या चौकोनालाही कड आली.

प्राध्यापक टाळ्या वाजवायला लागले. "टिपणकार! तुमच्यात विनोद आहे हे माहीत नव्हतं!"

"मी नाही… मी काही केलं नाही."

"विनोद असो वा नसो," खुर्चीबाई म्हणाल्या, "हरकत आली आहे. नोंदवा. कारण पुढच्या बैठकीत विचारू."

मी धावत बाबांच्या खोलीत गेले. ते समोर बसलेले, हात मांडीवर. माईक बंद होता. तो लाल तिरपा दांडा मी बोट लावून बघितला.

"बाबा, तुम्ही काही बोललात?"

"मी? नाही बा."

"कोणी काही बोललं?"

त्यांनी जरा विचार केला. "तुझा गुडघा भाजला का, बघ."

त्या रात्री मी स्वतःची नीट समजूत घातली. शांततेत अशी यंत्रं काहीबाही ऐकतात, हे मला माहीत होतं; पूर्वी एकदा पंख्याच्या आवाजाचं त्याने 'आभारी आहे' केलं होतं. पण एक गोष्ट सुटेना. तो 'गं'. बाकीच्यांना आपापल्या भाषेत नुसतं 'माझी हरकत आहे' दिसलं होतं. मी जहाजवाल्याला विचारून खात्री केली. सकाळी उठून मी एकटीच बैठक उघडली आणि यंत्राशी बोलत बसले. हो गं. ये गं. खाऊन घे गं, किती वाळलीस. यंत्राने लिहिलं: होय. या. खाऊन घ्या, तुम्ही किती कोरड्या आहात.

वीस वाक्यं बोलले. विसांतून एकदाही त्याला 'गं' ऐकू आला नाही.

बाबांचंच काहीतरी असेल, असं तरीही मी धरून चालले. माईक नादुरुस्त असेल, बंद दाखवत असेल आणि चालू असेल. बाबाही मला 'गं' म्हणतातच की. तेवढा आधार मला पुरला. दोन दिवस.

दहाव्या बैठकीत खुर्चीबाईंनी रीतसर विचारलं, "गैरहजर यांनी हरकतीचं कारण सांगावं." आणि मोजायला लागल्या. मी डोळे मिटून घेतले होते. सतराला कोणीतरी श्वास आत ओढला तसं ऐकू आलं. तो जहाजवाला होता. मी डोळे उघडले.

ह्यांचं कसं व्हायचं?

पुढची चाळीस मिनिटं ती माणसं या एका ओळीवर बोलली. त्यांच्या पडद्यावर आलं होतं, 'या लोकांचे काय होईल?' हे लोक म्हणजे कोणते, यावर प्राध्यापक आणि जहाजवाला हमरीतुमरीवर आले. प्राध्यापक म्हणाले, न जन्मलेले. जहाजवाला म्हणाला, ज्यांना समुद्र गिळणार आहे ते. कोणीतरी म्हणालं, आपणच, आपल्याबद्दलच विचारलंय ते. एक बाई रडल्या. ही आपली सगळ्यात खोल चर्चा झाली, असं खुर्चीबाई समारोपात म्हणाल्या.

मी टिपणं घेतली. त्या सगळ्यांत एकटी मी होते जिला माहीत होतं की हे अनेकवचन नाही. आमच्या घरात नवऱ्याचं नाव न घेणारी एकच बाई होती. दुकानात, दवाखान्यात, फोनवर, तिच्या तोंडी बाबा म्हणजे 'हे'. ह्यांचा चष्मा. ह्यांना तिखट चालत नाही. ह्यांचं कसं व्हायचं.

म्हणजे बाबा बोललेले नव्हते.

खोलीत गेले तर तिथे जंतुनाशकाचा वास येत होता. अतिदक्षता विभागात फरशीला असतो तसा, गोडसर. घरात तसली बाटलीसुद्धा नाही. बाबा पडद्याकडे बघून मंद हसत होते. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

"बाबा, उद्यापासून हे इथे नको ठेवायला."

"राहू दे की. काय बिघडतंय?"

"बाबा… काय ऐकता तुम्ही?"

"विशेष काही नाही गं. आपलं नेहमीचंच." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू घाबरू नकोस. तुझ्यावर राग नाही."

कोणाचा, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

अकराव्या बैठकीत जाहीरनामा मंजूर करायचा होता. वर्षभराचं काम, मोठ्या संस्थांना पाठवायचं, तारीख ठरलेली. आणि गैरहजर यांची हरकत मधे उभी. ती मागे घेता का म्हणून दोनदा विचारून झालं. काळा चौकोन गप्प. पाच वाजत आले. सगळे थकले होते. प्राध्यापकसुद्धा थोडक्यात बोलत होते.

"आपण एका प्रयोगात अडकलो आहोत," खुर्चीबाई शेवटी म्हणाल्या. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच म्हातारा दिसला. "खिडकीच नसेल तर हरकतही नसेल. टिपणकार, त्या यंत्राचा प्लग काढा. तुमची हरकत नाही ना?"

तेच शब्द. तितक्याच चांगल्या, हळू आवाजात.

सोळा माणसं माझ्याकडे बघत होती आणि बाहेरचे बांबू एकदम शांत झाले. जिभेवर ते आलेलंच होतं. "हर…" एवढं मी म्हणालेसुद्धा. तेवढ्यात काळ्या चौकोनाला कड आली.

अहो, चला ना आता. किती वेळ.

आणि भिंतीपलीकडून, अगदी साध्या, घरगुती आवाजात, बाबा म्हणाले, "आलो, आलो."

मी खुर्ची उलटी पाडून धावले. बाबा खोलीच्या मध्यावर उभे होते. बाहेरचा कोट अंगात, पायात बूट. समोर स्टुलावर लॅपटॉप काळाठिक्कर. प्लग फरशीवर पडलेला, वायरची नीट गुंडाळी करून.

"तू लावून गेलीस आणि लगेच मी काढला," बाबा म्हणाले. "तीन वाजताच. म्हटलं, परत तुलाच काढायला लावतील."

"मग… मग आत्ता तिकडे…"

"चल, निघतो मी. दार लावून घे. वारा येतो."

त्यांचे डोळे माझ्यावर नव्हते. माझ्या खांद्यावरून मागे, दाराच्या बाजूला, कोणीतरी उंबऱ्यात उभं राहून घाई करत असावं तसे बघत होते. मान वळवायची हिंमत माझ्यात नव्हती. पाठीला गार लागत होतं. तो गोडसर वास इतका जवळ आला की मला श्वास घेववेना. माझ्या तोंडून काय बाहेर पडणार हे मला माहीत नव्हतं. आयुष्यभर एकच तर शब्द बाहेर पडत आलाय.

"नाही," मी ओरडले. "बाबा, थांबा. माझी हरकत आहे! आई… माझी हरकत आहे गं!"

बराच वेळ काहीच झालं नाही. मग बाबांनी लहान मुलाला खेळ मधेच सोडायला लागावा तसा सुस्कारा टाकला आणि पलंगाच्या कडेवर बसले. कोट तसाच अंगात.

माझ्या खोलीत परतले तेव्हा गैरहजर यांची खिडकी गेली होती. माझा माईक चालू राहिला होता, त्यामुळे भिंतीपलीकडचं माझं ओरडणं यंत्राने नीट टिपलं होतं. टिपणकार: माझी हरकत आहे. 'गं' अर्थातच नव्हता.

"कोणत्या मुद्द्याला?" प्राध्यापकांनी जपून विचारलं.

मी मान हलवली.

"नोंद झाली," खुर्चीबाई म्हणाल्या. "तुम्ही मागे घेईपर्यंत उभी राहील."

याला आता तीन महिने झाले. ते काम मी सोडलं. जाहीरनामा अडकला तो अडकलाच. दर पंधरवड्याला खुर्चीबाईंची मेल येते, कृपया कारण कळवा किंवा हरकत मागे घ्या. मी उत्तर देत नाही.

बाबा आहेत. जेवतात थोडं, झोपतात थोडं. दिवसभर दाराजवळच्या स्टुलावर कोट घालून बसलेले असतात, पायात बूट. सुरुवातीला मी विचारलं, कुठे निघालात. म्हणाले, "घाई नाही. तुझी हरकत आहे तोवर बसतो." रागावून नाही, लाडानेच म्हणाले. पण कंटाळलेत ते. दिसतं मला. परवा जेवताना हळूच म्हणाले, "अजून किती दिवस गं?" मी पानातून मान वर केली नाही.

तो नेहमीचा शब्द मी तोंडातून जाऊ देत नाही. दुकानात 'चालेल' म्हणते, फोनवर 'बरं' म्हणते, नाहीतर नुसती मान हलवते. झोपेत काय बोलत असेन ते सांगणारं कोणी नाही, म्हणून झोपही बेताचीच घेते. दमलेय फार. कधी कधी संध्याकाळी वाटतं, त्यांना जाऊ द्यावं. मग वाटतं, आईच्या वेळीही मी अशीच दमलेली होते.

एक गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. रोज रात्री मी बाबांचे बूट काढून कपाटात ठेवते आणि किल्ली माझ्या उशाखाली. सकाळी उठते तेव्हा ते स्टुलावर बसलेले असतात, पायात तेच बूट, नाड्यांची घट्ट दुहेरी गाठ, दोन्ही फासे अगदी सारखे. बाबांची बोटं दोन वर्षांपासून इतकी थरथरतात की त्यांना स्वतःचं बटणसुद्धा लावता येत नाही. बटणं उघडीच असतात. ती मी उठून लावावीत म्हणून मुद्दाम ठेवलेली असतात.